काफ्काच्या दारात वाट पाहणाऱ्या भाषा

संगणकाच्या जगात एक वाक्य वरचेवर कानावर पडते : ‘ही भाषा सपोर्टेड नाही.’ बोलणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. भाषांतरावर पोट भरणाऱ्या मला मात्र ते ऐकताना वाटते, की इथे आधार कोणी कोणाला द्यायचा असतो? त्या भाषेत एखादी गोष्ट सांगता येईल की नाही, याबद्दल कोणाला शंका नसते. ते काम करून देणारी तयार साधने त्या भाषेत कोणी लिहून ठेवली आहेत का, आणि लिहिणारा ती उद्याही सांभाळणार आहे का, एवढेच पाहायचे असते. अशा तयार साधनांच्या संचाला प्रोग्रॅमर मंडळी ‘लायब्ररी’ म्हणतात. शब्द चपखल आहे. भाषा श्रीमंत की गरीब हे बरेचदा तिच्या व्याकरणापेक्षा तिच्या कपाटात काय आहे यावर ठरते.

अशाच एका लायब्ररीचा आणि तिच्या वाट पाहण्याचा हा इतिहास आहे. ‘काफ्का’ नावाच्या प्रणालीतून वाहणाऱ्या माहितीवर काम करणारी ‘काफ्का स्ट्रीम्स’ ही लायब्ररी 2016 मध्ये जावा भाषेत आली. पायथन, गो, सी-शार्प, जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिणारे तेव्हापासून विचारत आले आहेत, ‘आमच्याकडे केव्हा?’ तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही ज्याला एका कृतीचे ‘दुसऱ्या भाषेतले जगणे’ म्हणत असू, त्याचाच हा एक प्रकार आहे असे मला वाटते.

आधी ‘प्रवाह’ म्हणजे काय ते सांगते. पुस्तकाचा अनुवाद करताना संपूर्ण मजकूर माझ्यासमोर असतो. शेवटचे प्रकरण वाचून मी पहिल्या प्रकरणातला शब्द बदलू शकते. सभेत बसलेल्या दुभाष्याला ही चैन नसते. वक्ता बोलत राहतो, वाक्याचा शेवट अजून यायचा असतो, आणि तरी बोलावे लागते. जर्मन वाक्यात बरेचदा आणि आपल्या मराठीत बहुधा मुख्य क्रियापद शेवटी येते. ते येईपर्यंत दुभाषी कर्ता, कर्म, विशेषणे मनात धरून ठेवतो. किती वेळ थांबायचे, केव्हा तोंड उघडायचे, उशिरा आलेल्या शब्दाचे काय करायचे, हे त्याला क्षणोक्षणी ठरवावे लागते. साठवलेल्या माहितीवर काम करणे म्हणजे पुस्तकाचा अनुवाद, आणि वाहत्या माहितीवर काम करणे म्हणजे दुभाष्याचे काम. दुभाष्याने मनात धरून ठेवलेल्या शब्दांना या शास्त्रात ‘स्टेट’ म्हणतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

या कल्पनेचे मूळ बरेच मागे जाते. ऑक्टोबर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी एक टिपण लिहिले. बागेतली पाण्याची नळी जशी हवी तेव्हा दुसऱ्या नळीला जोडता येते, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, अशी त्यांची इच्छा होती. ती प्रत्यक्षात यायला 1973 उजाडले. त्या वर्षी केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’ आणला आणि एका प्रोग्रॅममधून निघालेले सरळ दुसऱ्यात जाऊ लागले. मॅकिलरॉय नऊ वर्षे थांबले होते.

पाइपची खरी थोरवी अशी, की तो भाषा विचारत नाही. नळीच्या एका टोकाचा प्रोग्रॅम सी भाषेतला आणि दुसऱ्या टोकाचा आणखी कुठल्या भाषेतला असला तरी मधून नुसती अक्षरे वाहतात. प्रत्येकाने आपल्या घरात आपली भाषा बोलावी, रस्त्यावर मात्र सगळ्यांना कळेल असे बोलावे, असा हा करार होता. बहुभाषक शहरात वाढलेल्या कोणालाही तो लगेच समजेल.

पुढे माहिती एका यंत्रात मावेना, तेव्हा हा करार डगमगला. अनेक यंत्रांवर पसरलेल्या कामात नळीचे एक टोक बंद पडले तर काय? अर्धवट मोजलेले आकडे कुठे जातात? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या प्रणाली आल्या, त्या एकेका भाषेच्या घरात जन्मल्या. त्यातले बरेचसे घर जावाचे होते. नेथन मार्झ यांनी घडवलेली ‘स्टॉर्म’ ही प्रणाली ट्विटरने 2011 मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती क्लोजर आणि जावा या भाषांत होती, पण तिने इतर भाषांसाठी एक खिडकी ठेवली होती. जुन्या पाइपसारखेच मजकूर आत-बाहेर देऊन कोणत्याही भाषेतला प्रोग्रॅम तिच्याशी बोलू शके. काम होई, पण खिडकीतून.

‘स्पार्क’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. बर्कली विद्यापीठात 2009 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची 0.7 ही आवृत्ती फेब्रुवारी 2013 मध्ये निघाली. तिच्यात दोन नव्या गोष्टी होत्या : पायथनमधून स्पार्क वापरण्याची सोय, आणि वाहत्या माहितीवर काम करणारा ‘स्पार्क स्ट्रीमिंग’ हा भाग. एकाच दिवशी, एकाच पेटीतून दोन्ही आल्या, पण पायथनमधून स्ट्रीमिंग वापरता येत नव्हते. ते डिसेंबर 2014 च्या 1.2 या आवृत्तीत आले, आणि काफ्कातून वाचण्याची पायथनमधली सोय त्यानंतरच्या 1.3 मध्ये, मार्च 2015 मध्ये. जवळजवळ दोन वर्षे पायथनवाल्यांना साठवलेली माहिती मिळत होती, वाहती मिळत नव्हती. ग्रंथ वाचायला हरकत नाही, सभेत मात्र बसायचे नाही, असा तो काळ.

आता काफ्काकडे येते. लिंक्डइन कंपनीत जय क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जून राव यांनी ही प्रणाली उभी केली आणि 2011 मध्ये ती सर्वांना खुली झाली. नेहा नारखेडे पुण्याच्या. पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. नाव क्रेप्स यांनी ठेवले. लिहिण्याच्या कामासाठी घडवलेल्या प्रणालीला लेखकाचे नाव शोभेल, आणि काफ्का त्यांना आवडत होता, असे कारण त्यांनी दिले आहे. काफ्का प्रणालीचा गाभा एक वही आहे. आलेली नोंद शेवटी लिहायची, मागची खोडायची नाही. वाचणाऱ्याने आपण कुठपर्यंत वाचले याची खूण ठेवायची, म्हणजे हवे तेव्हा मागे जाऊन पुन्हा वाचता येते.

ही वही वाचण्या-लिहिण्याचे नियम उघड होते. म्हणून इतर भाषांना फार थांबावे लागले नाही. स्वीडनचे माग्नुस एडेनहिल यांनी सी भाषेत ‘लिबआरडीकाफ्का’ ही लायब्ररी लिहिली, आणि तिच्यावर पायथन, गो, सी-शार्प अशा अनेक भाषांची आवरणे चढली. जावा न शिकता काफ्कात लिहिता-वाचता येऊ लागले. साक्षरता सगळ्यांना मिळाली.

मे 2016 मध्ये काफ्काची 0.10 आवृत्ती आली, तिच्यात काफ्का स्ट्रीम्स होते. तिचे वेगळेपण असे, की त्यासाठी यंत्रांचा वेगळा ताफा उभारायची गरज नव्हती. आपल्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ही लायब्ररी घ्यायची आणि काम सुरू करायचे. दर पाच मिनिटांची बेरीज, दोन प्रवाहांची जोडणी, यंत्र बंद पडल्यास आकडे पुन्हा उभे करणे, हे सगळे ती सांभाळी. पण ‘नेहमीचा प्रोग्रॅम’ म्हणजे जावातला, किंवा जावाच्या यंत्रावर चालणाऱ्या तिच्या नात्यातल्या भाषांतला. छोट्या गटांना सर्वांत सोयीची वस्तू निघाली, आणि छोट्या गटांपैकी कितीतरी जण जावात लिहीत नव्हते.

गंमत अशी, की काफ्काचा मूळ सर्व्हर मोठ्या प्रमाणावर स्काला भाषेत लिहिलेला होता. तरी स्कालाच्या वळणाला शोभेल अशी काफ्का स्ट्रीम्सची बांधणी जुलै 2018 मध्ये, 2.0 या आवृत्तीत आली. तोवर स्कालावाले जावाच्या वळणाने लिहीत होते. इथे मला लेखक काफ्का आठवतो. तो प्रागमध्ये राहून जर्मनमध्ये लिहीत होता. त्याच्या शहराची भाषा चेक. 1920 मध्ये मिलेना येसेन्स्का यांनी त्याच्या एका कथेचा चेक अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे तो आपल्याच गावच्या भाषेत पोचला. घर ज्या भाषेत बांधले, तिलाही दारात थांबावे लागू शकते.

मग इतर भाषांत ही लायब्ररी का आली नाही? एखाद्याने बसून अनुवाद करून टाकला तर काय बिघडते? मराठी वाचकाला याचे उत्तर देवनागरीच्या अनुभवावरून चटकन कळेल. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. प्रत्येक अक्षराला क्रमांक होता. पण क्रमांक मिळाला म्हणून ‘क्ष’ पडद्यावर उमटत नाही. जोडाक्षर घडवायचे, रफार उचलून पुढच्या अक्षरावर न्यायचा, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची, हे करणारे वेगळे यंत्र लागते. विंडोजमध्ये ते 2000 साली आले. मधली नऊ वर्षे आपला मजकूर ठराविक फाँटला बांधलेला होता, आणि ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला आपले लेखन म्हणजे चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसे. प्रमाण होते, ते वापरात आणणारे कारागीर नव्हते.

काफ्काचा उघड प्रोटोकॉल म्हणजे तो क्रमांक. स्ट्रीम्स लायब्ररी म्हणजे जोडाक्षर घडवणारे यंत्र. तिच्यात कामाची वाटणी कोणत्या यंत्राकडे किती याचा हिशेब आहे. मनात धरलेले आकडे यंत्राच्या डिस्कवर ठेवण्याची आणि त्यांची एक प्रत काफ्काच्याच वहीत लिहिण्याची व्यवस्था आहे. 2017 च्या 0.11 आवृत्तीपासून एक नोंद हिशेबात एकदाच धरली जाईल अशी हमी आहे. ही हमी पाळायला खालच्या थरातही तशी सोय लागते, आणि ती लिबआरडीकाफ्कामध्ये 2020 मध्ये आली. पाया यायलाच तीन वर्षे, मग वरचा मजला. शिवाय अनुवादित कादंबरी एकदा छापली की छापली. लायब्ररीच्या मूळ संहितेत मात्र दर काही महिन्यांनी नवे प्रकरण येते, जुने बदलते. तिचा अनुवादक कधी मोकळा होत नाही.

यात कोणाचे काय अडले, हे मी जवळून पाहिले आहे. 2017 च्या सुमारास बेंगळुरूत एका छोट्या गटासाठी मी मराठी वाक्ये लिहून देत असे. कृष्णाकाठच्या गावांना पाऊस आणि नदीच्या पातळीची सूचना मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत पाठवायची, असे ते काम. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आकडे काफ्कात पडत, आणि पायथनमध्ये लिहिणारी दोन तरुण मुले, एक मिरजेचा, एक विजापूरची, ते वाचून सूचना तयार करत. वाचणे सोपे होते. पंधरा मिनिटांतले आकडे एकत्र धरून एकच सूचना काढणे अवघड. ते करणारी तयार लायब्ररी जावात होती, त्यामुळे दोघांनी आपल्या हाताने हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, की तीच सूचना दुसऱ्यांदा जाई. ‘पाणी वाढत आहे’ हे वाक्य अर्ध्या तासात तीनदा आले, तर नदीकाठचा माणूस पाणी तीनदा वाढले असे समजणार.

उशिरा येणारे आकडे आणखी त्रासदायक. सकाळी अकराची नोंद दुपारी दोनला पोचे, आणि सूचनेत ‘आहे’ असे वर्तमानकाळी क्रियापद जाई. त्यावर मी केलेला उपाय व्याकरणाचा होता. प्रत्येक वाक्यात वेळ घातली आणि क्रियापद भूतकाळात नेले : ‘सकाळी अकरा वाजता पातळी इतकी होती.’ कन्नड आणि तेलुगू लिहिणाऱ्यांनीही तसेच केले. घटना घडली ती वेळ आणि ती कळली ती वेळ यांतला फरक हा या शास्त्राचा पायाभूत प्रश्न आहे, हे मला पुढे कळले. आम्ही तो क्रियापदाच्या प्रत्ययात सोडवत होतो.

‘पायथनमध्ये येईलच’ असे दोघे म्हणत राहिले. दीड वर्षाने पैसे देणाऱ्यांनी भरवशाची प्रणाली मागितली, आणि ते रास्तच होते. काम जावा जाणणाऱ्या दुसऱ्या चमूकडे गेले. सूचना दुसऱ्यांदा जाणे थांबले. पण कोणत्या गावाचे नाव दोन्ही बाजूंना वेगवेगळे लिहितात, कोणत्या ठिकाणचा आकडा पावसात हमखास उशिरा येतो, हे सगळे त्या दोघांच्या पायथनमध्ये लिहिलेले होते, आणि नव्या प्रणालीत त्यातले निम्मेच उतरले. साधनाची भाषा बदलली तेव्हा माणसे बदलली, आणि माणसांबरोबर त्यांना माहीत असलेली नदीही गेली.

वाट पाहणाऱ्यांनी जगभर काय केले, त्याचे ढोबळ तीन मार्ग दिसतात. पहिला, आपल्या भाषेत नव्याने लिहायचे. ‘सेलरी’ या प्रसिद्ध पायथन प्रकल्पाचे कर्ते आस्क सोलेम आणि सहकाऱ्यांनी रॉबिनहूड कंपनीत ‘फाउस्ट’ लिहिले, आणि 2018 मध्ये ते खुले झाले. काफ्का स्ट्रीम्सची कल्पना त्यांनी पायथनच्या वळणाने मांडली होती. तो चांगला अनुवाद होता, पण दोन-तीन वर्षांत मूळ प्रकल्पाची हालचाल मंदावली आणि वापरणाऱ्यांनी वेगळी फांदी काढून ती जगवली. गो भाषेत ‘गोका’, सी-शार्पमध्ये ‘स्ट्रीमिझ’ अशाच धडपडीतून आले. यातले प्रत्येक नाव थोड्या लोकांच्या चिकाटीवर उभे आहे.

दुसरा मार्ग मध्यस्थाचा. ‘फ्लिंक’ या बर्लिनमध्ये रुजलेल्या प्रणालीला 2019 मध्ये 1.9 आवृत्तीपासून नवे पायथनचे तोंड मिळाले, आणि प्रवाहांवर थेट काम करण्याची सोय डिसेंबर 2020 च्या 1.12 मध्ये आली. आत बोलणे जावाशीच असते. ‘बीम’ या प्रकल्पात तर पायथनमधून काफ्का वाचायला सांगितले, की पडद्यामागे जावाचाच भाग ते काम करतो. रशियन कादंबऱ्या आपल्याकडे इंग्रजीतून आल्या, तसेच हे. वाचकाला कथा मिळते, तक्रार करू नये. पण काही बिघडले की चुकीचा निरोप जावात येतो, आणि पायथन जाणणारा त्याच्याकडे पाहत बसतो.

तिसरा मार्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : जे प्रत्येक भाषेत पुन्हा लिहावे लागते, ते भाषेबाहेर काढून सामायिक जागेत ठेवायचे. 2025 मध्ये आलेल्या काफ्का 4.1 मध्ये, स्ट्रीम्सच्या कामाची वाटणी लायब्ररीऐवजी सर्व्हरने करण्याची नवी पद्धत प्राथमिक स्वरूपात उपलब्ध झाली. त्यामुळे पायथनची लायब्ररी लगेच मिळत नाही. हा लेख लिहीपर्यंत मूळ प्रकल्पाची स्ट्रीम्स लायब्ररी जावा आणि स्काला यांच्यापुरतीच आहे. पण लिहायच्या कामातला एक अवघड भाग आता करारात गेला आहे. मॅकिलरॉय यांच्या नळीकडे टाकलेले हे एक छोटे पाऊल म्हणता येईल.

काफ्काच्या 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कायद्यापुढे’ या छोट्या कथेत एक माणूस उघड्या दारासमोर आयुष्यभर थांबतो. दार बंद नसते, पण द्वारपाल ‘आत्ता नाही’ म्हणतो. इथला इतिहास त्याहून बराच दिलासादायक आहे. इथे द्वारपाल नाही, संहिता उघडी आहे, आत जायला कोणी अडवत नाही. अडचण आहे ती मजुरीची. जावाच्या घरात सांभाळणाऱ्यांना पगार मिळतो, बाहेरच्या भाषांत तेच काम बहुधा रात्री, नोकरी संपल्यावर होते. मामा वरेरकरांनी बंगाली शिकून शरच्चंद्र मराठीत आणले, तेव्हा त्यांनी इंग्रजीच्या वाटेने शरच्चंद्र येण्याची वाट पाहिली नाही. पण एक वरेरकर आयुष्यभर एकट्याने किती करणार, हा प्रश्न तेव्हाही होता.

म्हणून ‘ही भाषा सपोर्टेड नाही’ हे वाक्य कानावर पडले, की मी दोन गोष्टी विचारते. करार पूर्ण लिहून ठेवला आहे का, की निम्मा अजून एखाद्याच भाषेच्या पोटात आहे? आणि आज जो कोणी हौसेने अनुवाद करतो आहे, त्याच्या पाचव्या वर्षाची सोय काय? पहिल्याचे उत्तर अलीकडे बरे मिळू लागले आहे. दुसऱ्याचे कोणी देत नाही, आणि विजापूरच्या त्या मुलीने मध्यंतरी जावा शिकून घेतले.